गायी-म्हशींच्या पांढऱ्या पेशी मोनोक्लोनल अँटिबॉडीने रंगवताना: रक्ताच्या नळीपासून गेटपर्यंत

"सर, सीडी४ साठ टक्के आलंय आणि गाय तर धडधाकट आहे." दर सत्रात एकदा तरी कोणीतरी लॅपटॉप घेऊन दारात उभं असतं. ग्राफ बघण्याआधी मी एकच विचारतो: नुसती सेकंडरी घातलेली नळी कुठंय? समोरचा गप्प होतो. ती नळी केलेलीच नसते. (सीडी४ म्हणजे एका प्रकारच्या टी पेशींवरची खूण. तिला धरणारी अँटिबॉडी ती प्रायमरी, आणि प्रायमरीला धरणारी रंगीत अँटिबॉडी ती सेकंडरी.)

मग खापर फुटतं यंत्रावर, कंपनीवर, कधी गायीवर. खरी चूक त्याच्या बरीच आधी झालेली असते. क्लोन निवडताना, रक्त आणताना, लाल पेशी फोडताना. म्हणून हा लेख. प्रयोगशाळेत फ्लो सायटोमीटर (रंगवलेल्या पेशी एकेक करून त्यांची चमक मोजणारं यंत्र) आहे, हातात एम.व्ही.एस्सी. किंवा पीएच.डी.चं काम आहे आणि गायी-म्हशींच्या रक्तातल्या लिम्फोसाइटच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पृष्ठभागावरचे मार्कर, म्हणजे ओळख पटवणारी प्रथिनं, बघायचे आहेत, असं धरून लिहितोय. शेळी आणि डुकराबद्दल जिथं फरक पडतो तिथं सांगेन.

टप्पे याच क्रमाने करा. क्रम मोडला की दुरुस्ती शेवटी होत नाही.

## टप्पा १: अँटिबॉडी मागवण्याआधी कागद-पेन्सिल

इथं घाई केली की हजारो रुपये पाण्यात जातात. एका कोऱ्या पानावर चार रकाने आखा: मार्कर, क्लोनचं नाव (अँटिबॉडी ज्या एका पेशीवंशातून आली तो), आयसोटाइप (अँटिबॉडीचा उपप्रकार, जसा आयजीजी१), रंग. क्लोनचं नाव लिहिल्याशिवाय पुढं जायचं नाही. "अँटी-बोवाइन सीडी८" ही नोंद अपुरी आहे. सीसी६३ आणि सीसी५८ हे दोन्ही गायीच्या सीडी८ वर चालतात, पण सीसी६३ अल्फा साखळी ओळखतो आणि सीसी५८ बीटा. काही गॅमा-डेल्टा टी पेशींवर (टी पेशींचा एक वेगळा गट) आणि काही एनके (नॅचरल किलर) पेशींवर नुसती अल्फा साखळी असते. त्यामुळे एकाच गायीच्या एकाच नळीतलं रक्त घेतलं तरी दोन क्लोनचे आकडे वेगळे येतील आणि दोन्ही बरोबर असतील. क्लोन न लिहिता जुन्या प्रबंधाशी आकडे ताडून पाहणारे इथंच गोंधळतात.

आता आयसोटाइप. अँटिबॉडीला रंग थेट जोडलेला असेल तर याची फारशी काळजी नाही. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बिनरंगी प्रायमरी आणि वर रंगीत सेकंडरी अशीच पद्धत चालते, कारण स्वस्त पडते. उंदराच्या आयजीजी१, आयजीजी२ए, आयजीजी२बी यांना वेगवेगळ्या ओळखणाऱ्या सेकंडरी मिळतात आणि त्यावर एका नळीत तीन रंग बसवता येतात. अट एकच: एका नळीत एका आयसोटाइपची दोन प्रायमरी नकोत.

नेहमीची चूक बघा. सीडी४ साठी सीसी८ आणि सीडी८ साठी सीसी६३. दोन्ही प्रसिद्ध, दोन्ही उत्तम आणि दोन्ही आयजीजी२ए. सेकंडरी घातली की ती दोघांनाही चिकटते आणि ग्राफवर सीडी४ च्या आणि सीडी८ च्या सगळ्या पेशी "दुहेरी पॉझिटिव्ह" दिसतात. त्याऐवजी सीडी४ ला सीएसीटी१३८ए (आयजीजी१), सीडी८ ला सीसी६३ (आयजीजी२ए) आणि गॅमा-डेल्टाला जीबी२१ए (आयजीजी२बी) घ्या. हे त्रिकूट एका नळीत गुण्यागोविंदाने नांदतं. सीसी८ आणि सीसी६३ हीच जोडी हवी असेल तर दोन्ही थेट रंग जोडलेल्या घ्या.

गॅमा-डेल्टा कशाला, असं विचारणारे भेटतात. माणसाच्या रक्तात या पेशी जेमतेम, म्हणून माणसाच्या प्रोटोकॉलमध्ये त्यांना जागा नसते. गायीगुरांत तसं नाही. लहान वासरात त्या रक्तातल्या लिम्फोसाइटचा फार मोठा हिस्सा व्यापतात आणि वय वाढतं तसं प्रमाण उतरतं. त्यातल्या बहुतेक पेशींवर सीडी४ ही नसतं आणि सीडी८ ही नसतं. त्यांना मोजलं नाही तर हिशोब कधीच जुळत नाही. जीबी२१ए सगळ्या गॅमा-डेल्टा पेशी दाखवतो. सीसी१५ त्यांच्यातला डब्ल्यूसी१ हे प्रथिन असलेलाच गट दाखवतो. एकाच्या जागी दुसरा वापरून "गॅमा-डेल्टा" असं लिहू नका.

> सावधान, म्हैस: पाकिटावर "बोवाइन" छापलं म्हणजे म्हैस त्यात आली असं नाही. गायीवरचे पुष्कळ क्लोन म्हशीवर चालतात, पण सगळे नाहीत. मुऱ्हा असो की पंढरपुरी, प्रत्येक क्लोन आधी दोन-तीन निरोगी म्हशींच्या रक्तावर गायीच्या रक्ताशेजारी लावून बघा. पॉझिटिव्ह पेशींचा गट वेगळा आणि ठसठशीत उठला पाहिजे. सगळा ढग थोडासा उजवीकडे सरकला तर ते चालणं नव्हे. शेळीला हाच नियम.

माणसासाठीच्या अँटिबॉडी कपाटात पडून असतात म्हणून त्या वापरण्याचा मोह होतो. बहुतेक चालत नाहीत. दोन अपवाद लक्षात ठेवण्याजोगे: सीडी१४ चा (मोनोसाइटचा मार्कर) टीयूके४ गायीवर चालतो, आणि सीडी३ चा (टी पेशींचा मार्कर) सीडी३-१२ अनेक जातींत चालतो. पण सीडी३-१२ ज्या तुकड्याला धरतो तो पेशीच्या आत आहे. पेशीला भोकं पाडल्याशिवाय तो काहीच दाखवणार नाही. जिवंत पेशीच्या पृष्ठभागावर सीडी३ हवा असेल तर एमएम१ए घ्या.

> तपासा: पानावर चारही रकाने भरलेत? एका नळीत आयसोटाइप दोनदा आला नाही ना? सेकंडरी "गायीच्या इम्युनोग्लोब्युलिनविरुद्ध शोषून घेतलेली" (म्हणजे गायीच्या अँटिबॉडीला चिकटणारा भाग काढून टाकलेली) आहे असं कागदावर स्पष्ट लिहिलंय का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण टप्पा ५ मध्ये येईल.

## टप्पा २: गोठ्यातून रक्त आणणं

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी हातात असल्याशिवाय सुई उचलू नका, हे सांगायला नको.

जनावर खोड्यात घेताना झटापट झाली, दोन माणसं शिंगाला लोंबकळली, तर कॉर्टिसोल वर जातं. न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. तुम्ही मग रोग मोजत नसता, झटापट मोजत असता. सगळ्या जनावरांचं रक्त दिवसाच्या एकाच वेळी घ्या. मी सकाळची धार झाल्यावर घेतो, कारण तेव्हा गाय निवांत असते आणि गवळी पण. नोंदवहीत वय, वेत, विण्याची तारीख, गाभण आहे का आणि शेवटची लस कधी टोचली, एवढं लिहा. लाळ्या-खुरकुताची लस नुकतीच टोचलेली असेल तर ते जनावर त्या फेरीत घेऊ नका. विण्याच्या आगेमागे तीन आठवड्यांतल्या गायींचा वेगळा गट करा. त्यांच्या पांढऱ्या पेशींचं गणितच वेगळं असतं.

मानेच्या शिरेतून १८ गेजच्या सुईने घेतलं तर रक्त भराभर येतं आणि गुठळी कमी होते. नुसतं रंगवायचं असेल तर जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी. पेशी वाढवायच्या असतील, उत्तेजित करायच्या असतील, तर हिरव्या झाकणाची हेपॅरिनची. नळी भरली की आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करा. सॉसची बाटली हलवल्यासारखी हलवायची नाही.

मग प्रवास. उन्हाळ्यात परभणी-सोलापूरकडे गाडीच्या डिकीत पन्नास अंशांचा तवा तापलेला असतो. म्हणून लोक नळ्या थेट बर्फावर ठेवतात आणि तेही चुकतं. खोलीच्या तापमानाला, म्हणजे १८ ते २२ अंशांत, आलेलं रक्त सगळ्यात चांगलं रंगतं. थर्माकोलचा डबा, तळाशी जेलचे पॅक, त्यावर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या, त्यावर नळ्या. पॅक आणि काच एकमेकांना लागता कामा नयेत. त्याच दिवशी रंगवा. चोवीस तासांपलीकडचं रक्त वापरू नका.

निघण्याआधी त्याच नळीतून एकूण पांढऱ्या पेशींची मोजणी आणि डिफरन्शियल (त्यात कुठल्या प्रकारच्या किती टक्के) करून घ्या. टक्केवारीवरून प्रत्यक्ष संख्या काढायला हा आकडा शेवटी लागतोच, आणि तोवर रक्त संपलेलं असतं.

> सावधान: गायीचं रक्त म्हणजे ब्रुसेला (माणसालाही लागणारा जिवाणू) असू शकतो असं धरूनच चाला. हातमोजे, झाकण उघडताना कॅबिनेट, आणि टाकाऊ रक्त १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये.

## टप्पा ३: लाल पेशी घालवणं

गायीच्या रक्तात लाल पेशी लहान असतात, संख्येने भरपूर असतात आणि माणसासारख्या एकावर एक चळत लावून खाली बसत नाहीत. माणसाचं रक्त तासभर उभं ठेवलं की वर पिवळा थर दिसतो. गायीचं संध्याकाळपर्यंत ठेवा, फारसं काही होत नाही. म्हणून "आपोआप खाली बसू द्या" असं सांगणारा माणसाचा प्रोटोकॉल इथं लावू नका.

दोन वाटा आहेत. कुठली निवडायची ते कुठल्या पेशी हव्यात यावर ठरतं; आधी रंगवायचं की आधी फोडायचं, ते सेकंडरीवर.

वाट अ, अमोनियम क्लोराइड. एक लिटर शुद्ध पाण्यात अमोनियम क्लोराइड ८.३ ग्रॅम, पोटॅशियम बायकार्बोनेट १ ग्रॅम, ईडीटीए ३७ मिलिग्रॅम. पीएच ७.२ ते ७.४. एक भाग रक्ताला दहा भाग द्रावण, पाच ते दहा मिनिटं, मधूनमधून हलकं उलटंपालटं.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो. फ्रिजमधून काढलेलं गार द्रावण तसंच ओतलं, दहा मिनिटं झाली तरी रक्त गढूळच. वाटलं पाच मिनिटं जास्त देऊ. मग आणखी पाच. शेवटी लाल पेशी गेल्या, पण त्यांच्याबरोबर अर्ध्या लिम्फोसाइटही मरणपंथाला लागल्या, आणि यंत्रावर सगळीकडे मेलेल्या पेशींचा चकाकणारा कचरा. द्रावण खोलीच्या तापमानाला आणूनच वापरा. जुन्या बाटलीत बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून पीएच सरकतो, म्हणून दर आठवड्याला ताजं करा.

> तपासा: नळीमागे वर्तमानपत्र धरा. बारीक अक्षर वाचता आलं की लाल पेशी फुटल्या. लगेच सेंट्रिफ्यूज करा. घड्याळापेक्षा ही खूण जास्त भरवशाची, पण दहा मिनिटांच्या पुढं जाऊ नका.

फक्त न्यूट्रोफिल बघायचे असतील तर साध्या पाण्यानेही फोडता येतात. एक भाग पेशींना दोन भाग गार शुद्ध पाणी, तीस ते पंचेचाळीस सेकंद, आणि लगेच एक भाग २.७ टक्के मीठपाणी. गणित मांडून बघा: ०.९ अधिक शून्य अधिक २.७, भागिले चार भाग, बरोबर ०.९ टक्के. म्हणजे पेशी पुन्हा घरच्या खारटपणात. मात्र मीठपाण्याची पिपेट आधीच भरून हातात ठेवा. पाणी ओतल्यावर ती शोधत बसलात तर न्यूट्रोफिलही फुटतात.

वाट ब, घनतेचा थर. लिम्फोसाइट आणि मोनोसाइटच हव्या असतील तर. गायीचं रक्त थेट थरावर घालू नका. आधी रक्त फिरवून बफी कोट (लाल पेशींवर जमणारा पांढऱ्या पेशींचा पातळ थर) काढा, तो बफरमध्ये पातळ करा आणि मग १.०७७ घनतेच्या थरावर अलगद सोडा. ४०० ते ८०० जी, तीस मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला की थर ढवळतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

इथं "जी" (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) आणि "आरपीएम" (मिनिटाला किती फेरे) यांचा घोळ होतो. प्रबंधात कुणीतरी "१५०० आरपीएम" लिहून ठेवतो आणि पुढचे दहा जण ते उतरवतात. रोटरची त्रिज्या १६ सेंटीमीटर असेल तर १५०० आरपीएम म्हणजे सुमारे ४०० जी. १० सेंटीमीटर असेल तर जेमतेम २५०. सूत्र: १.११८ गुणिले त्रिज्या सेंटीमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग, आणि सगळ्याला भागिले एक लाख. आपल्या यंत्राचा आकडा काढून झाकणावर चिकटवून टाका.

प्रायमरी-सेकंडरी पद्धत वापरणार असाल तर आधी लाल पेशी घालवा, पेशी दोनदा धुवा आणि मगच रंगवा. अख्ख्या रक्तात प्लाझ्मा असतो आणि प्लाझ्मात गायीचं आयजीजी ठासून भरलेलं असतं. सेकंडरी जरा जरी ढिली असली तर ती त्यालाच चिकटून वाया जाते. थेट रंग जोडलेल्या अँटिबॉडी असतील तर अख्ख्या रक्ताच्या १०० मायक्रोलिटरमध्ये आधी रंगवून मग फोडलं तरी चालतं.

## टप्पा ४: टायट्रेशन

टायट्रेशन म्हणजे अँटिबॉडीची योग्य मात्रा शोधणं. कंपनीची शिफारस ही सुरुवात असते. तिच्यावर थांबायचं नसतं. अँटिबॉडी जास्त घातली की ग्राफ "जास्त चांगला" दिसतो असं वाटतं, पण निगेटिव्ह पेशीही उजळतात.

प्रत्येक नळीत दहा लाख पेशी, १०० मायक्रोलिटर बफर. अँटिबॉडी १ मायक्रोग्रॅम, मग अर्धी, पाव, अष्टमांश, सोळांश. एक नळी बिनाअँटिबॉडीची. पॉझिटिव्ह गटाच्या चमकेतून निगेटिव्ह गटाची चमक वजा करा आणि निगेटिव्ह गटाच्या प्रमाण विचलनाच्या दुपटीने भागा. ज्या मात्रेला हा आकडा सर्वांत मोठा ती मात्रा तुमची. बहुतेक वेळा ती शिफारशीच्या खालीच निघते आणि कुपी दुप्पट पुरते.

नवी लॉट आली की पुन्हा करा. गाय सोडून म्हैस घेतली की पुन्हा करा. सेकंडरीचंही टायट्रेशन असतं, हे विसरू नका.

## टप्पा ५: नियंत्रण नळ्या

या टप्प्यावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे.

बाजारातल्या बहुतेक मोनोक्लोनल अँटिबॉडी उंदराच्या. म्हणून सेकंडरी उंदराच्या आयजीजीविरुद्धची. ती उंदीर आणि गाय यांच्यात फार भेद करतेच असं नाही. आणि गायीच्या बी पेशींच्या अंगावर काय असतं? इम्युनोग्लोब्युलिनच. म्हणजे प्रायमरी घातली नाही तरी बी पेशी चमकतात, आणि तुम्ही त्यांना सीडी४ म्हणून मोजता. लेखाच्या सुरुवातीची साठ टक्के अशीच आली होती. त्या विद्यार्थ्याकडून त्याच रक्ताची नुसत्या सेकंडरीची नळी करून घेतली. पंचवीस टक्क्यांच्या आसपास पेशी पॉझिटिव्ह. मग त्याच नळीत थेट रंग जोडलेला सीसी२१, म्हणजे सीडी२१, म्हणजे बी पेशींचा मार्कर घातला. चमकणारा प्रत्येक ठिपका सीडी२१ च्या खोक्यात जाऊन बसला. तिथं चर्चा संपली.

तर प्रत्येक प्रयोगात, प्रत्येक जनावराला नाही तरी प्रत्येक दिवशी, या नळ्या हव्यातच:

1. बिनरंगी पेशी. इओसिनोफिल आपोआपच चमकतात. किती, ते इथं कळतं.
2. प्रायमरीशिवाय नुसती सेकंडरी, प्रत्येक सेकंडरीसाठी वेगळी.
3. प्रत्येक रंगाची एकेरी नळी, कॉम्पेन्सेशनसाठी (एका रंगाची चमक दुसऱ्याच्या चॅनलमध्ये सांडते, ती वजा करायला).
4. एक रंग वगळून बाकी सगळे, जिथं पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा पुसट असते त्या रंगासाठी.
5. आयसोटाइप नियंत्रण (त्याच आयसोटाइपची, पण पेशीवरचं काहीच न ओळखणारी अँटिबॉडी). पण त्यावरून सीमा ठरवू नका. ते फक्त घाण किती आहे ते सांगतं.

कॉम्पेन्सेशनसाठी प्लास्टिकचे मणी वापरत असाल तर ते कुठल्या प्राण्याची अँटिबॉडी धरतात ते वाचा. नुसत्या उंदराच्या अँटिबॉडीसाठीचे मणी सीडी३-१२ धरणार नाहीत, कारण तो क्लोन रॅटचा आहे.

> सावधान, एफसी ब्लॉक (पेशी अँटिबॉडीची शेपटी जिथं धरतात त्या जागा आधीच बंद करणं): उंदरासाठीचा सीडी१६/सीडी३२ ब्लॉक गायीच्या पेशींवर काम करत नाही. सेकंडरी शेळीत बनवलेली असेल तर शेळीचं साधं सिरम १० टक्के घ्या. उंदराचं सिरम प्रायमरी-सेकंडरीच्या मध्ये घातलं तर सेकंडरी त्यालाच चिकटून वाया जाईल. उंदराच्या आयजीजीचं काम सेकंडरीनंतर: ती धुऊन झाल्यावर, थेट रंग जोडलेली अँटिबॉडी घालण्याआधी, सेकंडरीचे मोकळे हात भरून टाकायला.

## टप्पा ६: रंगवण्याचा क्रम

बफर: पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं मीठपाणी) १ टक्का बीएसए (गायीचं अल्ब्युमिन प्रथिन) आणि ०.१ टक्का सोडियम अझाइड. पेशी नंतर जिवंत वापरायच्या असतील तर अझाइड नको. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, आम्लात मिसळू नका. धातूच्या पाइपात साचलेलं अझाइड स्फोटक होतं.

1. मेलेल्या पेशींचा रंग सर्वांत आधी ठरवा. पेशी फिक्स करणार (रसायनाने आहेत तशा पक्क्या करणार) असाल तर अमाइनला चिकटणारा रंग घ्या आणि तो प्रथिन नसलेल्या साध्या पीबीएसमध्येच लावा. बीएसए असेल तर रंग बीएसएलाच चिकटतो. फिक्स न करता लगेच यंत्रावर नेणार असाल तर ७-एएडी (मेलेल्या पेशींतच शिरणारा रंग) शेवटी घाला.
2. प्रायमरींचं मिश्रण एकदम बनवा, सगळ्या नळ्यांना पुरून दहा टक्के उरेल इतकं. नळीनळीत थेंबथेंब घालत बसलात तर कोणती राहिली ते आठवत नाही.
3. नळीत दहा लाख पेशी, मिश्रण, ४ अंश, अंधारात तीस मिनिटं. दहा मिनिटांनी नळ्या एकदा टिचकीने हलवा; पेशी तळाशी बसतात आणि वरच्याच रंगतात.
4. २ मिली बफरने धुवा, ४०० जी, पाच मिनिटं. वरचं द्रव एका झटक्यात ओता आणि तोंड टिश्यूवर टेकवा. दुसऱ्यांदा झटकलं की गोळी निघून जाते.
5. सेकंडरीचं मिश्रण, २० मिनिटं, अंधार. दोनदा धुणं. इथं एकदाच धुऊन भागवणारे फार आहेत.
6. थेट रंग जोडलेली अँटिबॉडी असेल तर आधी उंदराचं आयजीजी दहा मिनिटं, मग ती.
7. १ टक्का पॅराफॉर्मल्डिहाइड. दुसऱ्या दिवसापर्यंत वाचून टाका. पीई-साय७ सारखे जोडरंग प्रकाशात आणि फिक्सेटिव्हमध्ये तुटतात, आणि तुटले की पीईच्या चॅनलमध्ये खोट्या पेशी दिसायला लागतात.

वर्षानुवर्षं दिसणारी एक बारीक गोष्ट. पिपेटचं टोक नळीच्या भिंतीला लागतं, रक्ताचा एक थेंब वर चिकटून राहतो. तो अँटिबॉडीत बुडत नाही, पण धुताना खाली येतो. दोन-तीन टक्के न रंगलेल्या पेशी कुठून आल्या, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. टोक तळाशी नेऊन सोडा.

## टप्पा ७: यंत्रावर

इथं थोडक्यात. यंत्राचे रोजचे मणी लावा. पेशी ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. आधी बिनरंगी नळी, मग एकेरी, मग नमुने. व्होल्टेज एकदा ठरलं की त्या दिवसात हात लावायचा नाही. थ्रेशोल्ड (यंत्र ज्याखालचे कण मोजत नाही ती मर्यादा) इतका ठेवा की उरलेल्या लाल पेशींचा आणि प्लेटलेटचा कचरा बाहेर राहील, पण लहान लिम्फोसाइट आत येतील. गायीच्या लिम्फोसाइट माणसाच्या साच्यात बघू नका, साचा पुन्हा बनवा. लिम्फोसाइटच्या गेटमध्ये (ग्राफवर आखलेल्या चौकटीत) किमान वीस हजार पेशी जमेपर्यंत चालू ठेवा.

## टप्पा ८: गेट आणि जमाखर्च

क्रम: कचरा बाहेर, मग जुळ्या पेशी बाहेर, मग मेलेल्या बाहेर, मग लिम्फोसाइट. जुळ्या पेशी वगळण्याची पायरी गाळली तर सीडी४ ची एक पेशी आणि सीडी८ ची एक पेशी चिकटून "दुहेरी पॉझिटिव्ह" तयार होते. गायीत असा मोठा गट दिसला तर आधी संशय जुळ्यांवर, मग आयसोटाइपवर, मग कॉम्पेन्सेशनवर. डुकरात मात्र उलट आहे: त्याच्या रक्तात सीडी४ आणि सीडी८ अल्फा दोन्ही असलेल्या टी पेशी खऱ्याच असतात. तिथं त्यांना चूक समजून पुसू नका.

मोठ्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट आकारात एकमेकांवर चढतात. सीडी१४ लावून मोनोसाइट बाहेर काढा, नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने गोल काढू नका.

आता जमाखर्च. किराणा दुकानदार रात्री गल्ला मोजतो तसा.

टी पेशी (सीडी३) म्हणजे साधारण सीडी४ अधिक सीडी८ अधिक गॅमा-डेल्टा. काही गॅमा-डेल्टा पेशींवर सीडी८ अल्फा असल्याने बेरीज सीडी३ पेक्षा किंचित वर जाऊ शकते. आणि सीडी३ अधिक सीडी२१ अधिक एनके म्हणजे साधारण सगळ्या लिम्फोसाइट. बेरीज सत्तरवर अडकली तर कुठला तरी मार्कर नीट लागलेला नाही किंवा गेटमध्ये मोनोसाइट शिरलेत. एकशे वीस झाली तर सेकंडरी बी पेशींना चिकटलीय.

एक उदाहरण. एकूण पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ९०००, डिफरन्शियलमध्ये लिम्फोसाइट ६० टक्के, म्हणजे ५४००. लिम्फोसाइटच्या गेटमध्ये सीडी४ २५ टक्के. म्हणजे १३५० सीडी४ पेशी प्रति मायक्रोलिटर. अहवालात दोन्ही लिहा. न्यूट्रोफिल वाढल्याने लिम्फोसाइटचा वाटा घसरलेला असू शकतो, किंवा बी पेशी फुगल्याने सीडी४ ची टक्केवारी खाली आलेली दिसू शकते. बोवाइन ल्युकेमिया विषाणूची लागण झालेल्या काही गायींत बी पेशी अशाच वाढतात. टक्केवारी बघणारा म्हणतो सीडी४ घटल्या. प्रत्यक्ष संख्या काढली तर त्या जागच्या जागी असतात.

## लक्षणावरून चूक

सगळ्याच नळ्यांत सगळ्याच पेशी उजळल्या. मेलेल्या पेशी वगळल्या का? अँटिबॉडी टायट्रेट केली का? सेकंडरी दोनदा धुतली का?

काहीच उजळलं नाही. क्लोन त्या जातीवर चालतो का. सीडी३-१२ पृष्ठभागावर लावलाय का. सेकंडरी आणि प्रायमरीचा आयसोटाइप जुळतो का. मिश्रणात एफबीएस (गायीच्या गर्भाचं सिरम) जास्त पडून त्यातलं गायीचं आयजीजी सेकंडरी खाऊन गेलं का.

वासरात सीडी४ आणि सीडी८ मिळून सीडी३ च्या अर्ध्यापर्यंतच. बहुधा चूक नाही. गॅमा-डेल्टाची नळी लावा.

दोन म्हशींत क्लोन चालला, तिसरीत नाही. पेशी जिवंत होत्या का ते बघा आणि त्या तिसरीचं रक्त दुसऱ्या क्लोनने पुन्हा रंगवा. तो लागला तर तुमच्या अँटिबॉडीचा तुकडाच त्या जनावरात वेगळा असू शकतो. डुकरांत असं माहीत आहे: ७४-१२-४ हा सीडी४ चा नेहमीचा क्लोन काही मिनीपिगना लागतच नाही आणि त्यांच्या सीडी४ पेशी मात्र शाबूत असतात.

कालचे आकडे आणि आजचे आकडे जुळत नाहीत. नोंदवही उघडा. लॉट, द्रावणाची तारीख, रक्त किती वाजता घेतलं आणि त्या दिवशी खोड्यात गाय किती नाचली, ते तिथं लिहिलेलं असेल तर उत्तर पाच मिनिटांत सापडतं.